भरल्या हंड्याची चाल

शिरूर कासार,
२१ नोव्हेंबर १९८६

प्रिय विशाखा,

पोचले एकदाची. पाथर्डीच्या पुढं एस.टी.नं मान टाकली, तेव्हा उरलेली वाट जीपच्या मागच्या फळीवर लोंबकळत आले. फळीवर टाच टेकायला जागा नव्हती, म्हणून सगळा वेळ बोटांवर उभी होते. ताई असत्या तर नाचाच्या वर्गातल्यासारखं तिथंही ओरडल्या असत्या, "द्वारका, गुडघा ताठ!"

एस.टी.त शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "पुन्याला काय करतीस गं?" मी म्हटलं, नाच शिकते. ती लगेच सरकून बसली. मग मी समजावलं, की आजी, तसला नाच नव्हे, बॅले असतो, मोठी शाळा आहे, मुंबई-पुण्याच्या बड्या घरच्या पोरी येतात, आणि आपल्या साखर कारखान्यानं जिल्ह्यातल्या दोन पोरी निवडून तिथं धाडल्यात, त्यातली एक मी. म्हातारी म्हणाली, "कारखाना नाचाय बी शिकवितो व्हय? आमचा ऊस तर उभ्या उभ्या वाळला की." सगळी गाडी हसली. मीही हसले. यंदा कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही आणि जूनपासून आपल्या दोघींतल्या एकीलाच ते तिथं ठेवणार आहेत, हे काही तिला सांगत बसले नाही.

आता आईचं. कोल्हापूरकडच्या फडात ऊस तोडताना कोयता निसटला तो थेट तिच्या डाव्या टाचेवर. मुकादमानं ट्रकमध्ये बसवून घरी धाडलं, आबा तिकडंच राहिले. मला कळवायचं नाही असा आईचा हुकूम होता. शेजारच्या छबुबाईनं कार्ड लिहवून घेतलं म्हणून मला कळलं. जखम अजून ओली आहे आणि बाई एका जागी बसायचं नाव घेत नाही.

ताईंनी 'तहान' बॅलेमधली मायची भूमिका कुणाला दिली ते मला पहिलं कळव. निघताना त्या म्हणाल्या होत्या, अजून ठरलं नाही. कारखान्याचं पत्र आलं त्या दिवशी जिन्यात बसून आपण काय ठरवलं होतं ते मला पाठ आहे: जिला मिळेल तिला मिळेल, भांडायचं नाही. तुलाही पाठ असू दे.

माझे गुलाबी बूट उंदरांपासून जप. तिथले उंदीरही शौकीन आहेत.

तुझी,
द्वारका

---

पुणे,
३० नोव्हेंबर १९८६

प्रिय द्वारका,

तुझं पत्र वाचून मी खोलीत एकटीच हसले. तुझा पलंग मोकळा बघवत नाही म्हणून त्यावर माझे कपडे टाकून ठेवते. बूट माझ्या पेटीत आहेत.

भूमिकेचं अजून काही ठरलेलं नाही. रोज सकाळी भिंतीवरच्या बारला पाय टाकून झाले की ताई एकेकीला हंडा देतात आणि मायची चाल करायला सांगतात. डेक्कनच्या मुली हंडा असा धरतात, जणू ओवाळायला निघाल्यात. ताई कपाळाला हात लावतात. म्हणतात, "मला पाण्याचं वजन दिसत नाही." काल माझी पाळी होती. मला वाटलं, मी बीडची, मला जमेल. ताई म्हणाल्या, "विशाखा, तुझ्या डोक्यावर हंडा नाही, टोपी आहे."

मला फार लागलं गं. पण खरंच आहे. युसूफ वडगावला आम्ही शाळेच्या आवारात राहायचो, दारातच हातपंप. अप्पा मास्तर, त्यांचा पगार ठरलेला. दुष्काळ मी बघितलाय तो खिडकीतून. ताई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "द्वारका असती तर तिला शिकवावं लागलं नसतं."

मावशींचा पाय आता कसा आहे? त्या अशा पायानं पाण्याला जातात का? गेल्या तर कशा चालतात, हंडा कुठं धरतात, ते मला लिही ना. सहज विचारतेय. तुझ्या घरचं वाचलं की मला करमतं.

मावशींना नमस्कार.

तुझीच,
विशाखा

---

शिरूर कासार,
१० डिसेंबर १९८६

प्रिय विशाखा,

सहज विचारतेस काय! तुझं सहज मला चांगलं ठाऊक आहे. सहज म्हणून माझी वेणी घालायला बसायचीस आणि माझ्या नव्या रिबिनी तुझ्या डोक्यात जायच्या. पण लिहिते, कारण इथं मलाही बोलायला दुसरं कुणी नाही.

टँकर येतो शाळेच्या मागं. कधी येईल ते ड्रायव्हरलाही माहीत नसतं. हॉर्न ऐकला की आई उठलीच. मी म्हणते मी जाते, तर म्हणते, "तुजे पाय नाचायचे हायत, माजे कायचे हायत?" निघते डावी टाच उचलून, नुसत्या बोटांवर. ताईंनी आपल्याला जे शिकवताना वर्षभर घसा कोरडा केला, ते ही बाई कोयत्याच्या एका घावात शिकली. हंडा काखेत, उजवी कंबर बाहेर, डावा हात मोकळा. थोडं गेली की थांबते आणि पदर सारखा करते. पदर सारखाच असतो. दुखतंय ते बायकांना कळू नये म्हणून तेवढं निमित्त. मग पुन्हा टाच उचलून पुढं.

एवढं पुरे तुला. सगळंच सांगितलं तर तू माय होऊन बसशील आणि मी मागच्या रांगेत झाड होऊन उभी राहीन!

आता खरं सांगते, हसू नकोस. आबांचा निरोप आलाय. आई आता फडात उभी राहायची नाही. तुझे अप्पा मास्तर, तुला कदाचित ठाऊक नसेल, पण आमच्यात कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या माणसाला मुकादम विचारत नाही. बंकट मुकादमाचा पुतण्या आहे, सुग्रीव. त्याला जोडी पाहिजे. म्हणजे माझं लग्न लावलं की एक नवा कोरा कोयता तयार. पाहुणे महिन्याभरात येऊन जातील म्हणतात.

आई मात्र माझ्या बाजूनं आहे. छबुबाईला म्हणाली, "माजी पोरगी कोयत्याला न्हाई जायाची. तिच्या बाईचा येक सबूत येऊंद्या, मंग मी बघते कोन काय म्हंतंय ते." सबूत म्हणजे तिला ताईंचा शब्द पाहिजे. ताईंना विचार, माझी जागा आहे का, मी कधीपर्यंत आलं पाहिजे. ताईंनी ये म्हटलं, एवढंच तुझ्या अक्षरात आलं तरी आई आबांना तोंड देईल आणि मी निघेन.

लगेच लिही.

द्वारका

---

पुणे,
२० डिसेंबर १९८६

प्रिय द्वारका,

तुझं पत्र पोचलं. सुग्रीवचं वाचून आधी हसू आलं, मग पत्र पुन्हा वाचलं. असं कसं कुणाचंही लग्न लावतील? मावशी तुझ्या बाजूनं आहेत ना, मग काही होत नाही.

ताईंशी नीट बोलणं झालं नाही. त्या हल्ली फार गडबडीत असतात. प्रयोग फेब्रुवारीत बीडला करायचा ठरतोय, कारखानाच करवतोय, जनावरांच्या छावणीच्या मदतीसाठी. योग्य वेळ बघून विचारते. तू घाई करू नकोस. मावशींचा पाय बरा होणं आधी महत्त्वाचं. अशा पायाच्या बाईला एकटं टाकून आलीस तर तुझं तरी इथं लक्ष लागेल का?

थंडी पडलीय. तुझी गोधडी मी घेतली आहे, रागावू नकोस.

तुझी,
विशाखा

---

पुणे,
२ जानेवारी १९८७

ती. अप्पांस,
सप्रेम जय भीम.

तुम्हाला आनंदाची बातमी द्यायची आहे आणि हात चालत नाही.

मला 'तहान'मध्ये मायची भूमिका मिळाली. ताई म्हणाल्या, अशी चाल त्यांनी आजवर कुणाची पाहिली नाही. मी टाच उचलून चालले, थोडं जाऊन थांबले आणि पदर सारखा केला. तर त्यांनी पेटी वाजवणाऱ्याला हातानं थांबवलं आणि मला पुन्हा चालायला लावलं. अप्पा, त्यातलं माझं काहीच नाही. ते सगळं द्वारकानं पत्रात लिहिलं होतं, तिच्या आईचं. ताईंनी विचारलं, "कुठं पाहिलंस हे?" मी म्हटलं, आमच्याकडे असंच चालतात.

हे तरी एक. दुसरं त्याहून वाईट आहे. भूमिका देताना ताई म्हणाल्या, "पण द्वारकाला मी अजून सोडलेलं नाही. तिला आजच लिही, संक्रांतीच्या आत ये म्हणावं. तुम्हा दोघींना शेजारी उभं करून बघेन आणि मग ठरवेन. तिच्या वडिलांशी बोलायचं तर मी स्वतः बोलेन." हे बोलणं झालं अठरा डिसेंबरला. वीस तारखेला मी द्वारकाला पत्र लिहिलं आणि त्यात लिहिलं, की ताईंशी बोलणं झालं नाही.

त्यानंतर रोज ठरवते की आज लिहीन. सकाळी बारपाशी तिची जागा मोकळी दिसते तेव्हा तर नक्की ठरवते. मग ताई माझी पाठ थोपटतात आणि ते राहून जातं. ती माझ्यापेक्षा चांगली नाचते, अप्पा. शेजारी उभं केलं तर ते कुणालाही दिसेल. तिकडं तिचं लग्न ठरवतायत, तेही मला माहीत आहे.

मी चुकले का?

तुमची,
विशाखा

---

युसूफ वडगाव,
७ जानेवारी १९८७

चि. विशाखास,
सप्रेम जय भीम.

पत्र मिळाले. तू विचारतेस, मी चुकले का. वर्गात एखादा मुलगा असे विचारतो तेव्हा त्याला उत्तर ठाऊक असते, मास्तरांनी "नाही रे बाळा" म्हणावे एवढीच त्याची इच्छा असते. मी ते म्हणणार नाही.

तुझी आजी भिमाबाई पाणवठ्यावर लांब उभी राहायची. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतायचे, नाहीतर रिकामी परत. पुढे तिने आम्हाला शिकवले ते एवढ्यासाठी, की कुणाच्या दयेवर उभे राहू नये. त्यात हेही आले, की पाणी आपल्या हातात असेल तेव्हा दुसऱ्याला लांब उभे करू नये. तू द्वारकेला लांब उभे केले आहेस.

मी स्वतः उद्याच्या गाडीने शिरूरला जाऊन निरोप सांगू शकलो असतो. पिशवी भरलीही होती. मग तुझी आई म्हणाली, "तुम्ही सांगितलं तर पोरगी सुटली, सांगितलं तिनंच पाहिजे." मला ते पटले. पत्र मिळताच लिही. जे झाले तेच लिही, तारखेसकट. तू पहिली आलीस तर मला फार आनंद होईल. पण अशी पहिली आलीस तर तो आनंद मी कुणाला सांगू?

भात खात जा. तुझी आई विचारते, वजन कमी झाले का.

तुझा,
अप्पा

---

पुणे,
१२ जानेवारी १९८७

प्रिय द्वारका,

घाईत लिहितेय. ताई म्हणाल्या, तू लगेच ये. संक्रांतीच्या आत म्हणाल्या होत्या, पण दोन-चार दिवस इकडं-तिकडं झाले तरी त्या ऐकतील, मी बोलेन. तू आलीस की आपल्या दोघींना शेजारी उभं करून बघणार आहेत आणि मगच जूनची जागा ठरवणार आहेत. तुझ्या आबांशीही त्या स्वतः बोलायला तयार आहेत. हे मावशींना वाचून दाखव.

ताईंना वेळच मिळत नव्हता, म्हणून इतके दिवस गेले. आत्ता कुठं बोलणं झालं आणि लगेच लिहायला बसले.

मायची भूमिका सध्या मी करतेय. सध्याच.

निघ लगेच.

विशाखा

---

शिरूर कासार,
२१ जानेवारी १९८७

प्रिय विशाखा,

तुझं पत्र संक्रांत होऊन गेल्यावर पोचलं. आधी तुला खूप मोठी शाबासकी. मायची भूमिका माझ्या मैत्रिणीला मिळाली, हे मी अख्ख्या गल्लीला सांगून आले. थोडी जळले, खोटं कशाला बोलू. रात्री भाकरी गोड लागली नाही. सकाळी लागली.

आता माझं ऐक. सहा तारखेला पाहुणे आले आणि सुपारी फुटली. आई शेवटपर्यंत अडून बसली होती. उंबऱ्यात बसून मला म्हणाली, "द्वारके, आला का गं कागूद?" मी नाही म्हटलं. तिनं पुन्हा विचारलं, "तुज्या बाईनं कावून काय धाडलं न्हाई?" मी काय सांगणार? आबा खास सुट्टी काढून आले होते, बंकट मुकादम ओसरीवर बसला होता. आईजवळ दाखवायला काही नव्हतं. मग ती आत गेली आणि पोह्यांना फोडणी दिली.

तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "आता आलं व्हय." एवढंच. तू वाईट वाटून घेऊ नकोस, तुझा काय दोष? ताईंना वेळ मिळाला नाही, पोस्टानं दिवस खाल्ले, कुणाकुणावर रागवायचं?

पण अजून सगळं संपलेलं नाही. आबा परत फडावर गेलेत. लग्न पाडवा झाल्यावर, ते सगळे हंगाम उरकून आले की. आईच्या मनात एक बेत आहे. बीडच्या प्रयोगाला ती माझ्यासोबत येणार आहे. तिला ताईंना स्वतः भेटायचंय, तोंडावर विचारायचंय. म्हणते, "ह्यो नाच काय असतो त्ये येकदा माज्या डोळ्यानं बघते. बघितल्याबिगर मी कशी भांडू?" एकदा तिनं बघितलं आणि तिला पटलं, तर आबाच काय, बंकट मुकादमाचा बापसुद्धा तिला हलवू शकत नाही. म्हणून नीट नाच, बाई. तू तिच्यासमोर माझी वकील आहेस.

भेटू बीडला.

द्वारका

---

पुणे,
३ मार्च १९८७

द्वारका,

बीडहून आल्यापासून मी हे पत्र मनात इतक्या वेळा लिहिलं, की आता कागदावर काय राहिलं तेच कळत नाही.

तू सगळं पाहिलंस, तरी मला ते लिहू दे. कारखान्याचे ट्रक गावोगावच्या बायकांना घेऊन आले होते. मंडपात पुढच्या सतरंजीवर तू आणि मावशी बसला होतात, मला पडद्याच्या फटीतून दिसत होतं. मावशी नवं लुगडं नेसल्या होत्या. त्याआधी आठवडाभर पुण्यात प्रयोग झाला, तेव्हा माय भरला हंडा डोक्यावर घेऊन येते तिथं लोक डोळे पुसत होते. बीडलाही मी तशीच आले. डोक्यावर भरला हंडा, डावी टाच उचललेली, चालता चालता थांबले, पदर सारखा केला. आणि पुढून हसू फुटलं.

"अगं बया, ही तर आपली मालन!" कुणीतरी ओरडलं. "मालने, तुजं लंगडनं उचललं की गं पोरीनं!" मग आणखी कुणी काहीतरी बोललं, ते मला ऐकू आलं नाही, पण त्यावर तर सगळ्या लोटपोट हसल्या. मावशींनी पदर तोंडावर ओढला आणि उठल्या. सगळ्या बायकांमधून त्या बाहेर गेल्या, तशाच, टाच उचलून. माणसं त्यांना वाट देत हसत होती. वर मी तेच चालत होते.

मी थांबले नाही, द्वारका. संगीत चालू होतं म्हणून नव्हे. ताई बघत होत्या म्हणून.

नंतर तू आत आलीस. ताईंनी तुला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "डिसेंबरात विशाखाला सांगितलं होतं तुला बोलवायला. आली का नाहीस गं?" तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं, आता संपलं सगळं. तू म्हणालीस, "पत्र उशिरा पोचलं, ताई." आणि वाकून नमस्कार करून गेलीस. तू ओरडली असतीस, माझ्या तोंडावर हंडा फेकला असतास, तर बरं झालं असतं. ते चार शब्द मी रोज बारपाशी पुन्हा ऐकते.

तर आता खरं लिहिते. ताई अठरा डिसेंबरला बोलल्या. वीस तारखेला मी तुला खोटं लिहिलं. अप्पांनी खडसावलं तेव्हा बारा जानेवारीला लिहिलं, आणि त्यातही खोटं लिहिलं. ताईंना वेळ नव्हता हे खोटं. तू जिंकशील याची मला भीती वाटत होती, हे एवढंच खरं. आणि मावशींची चाल मी तुला न विचारता चोरली. भर मंडपात त्यांचं हसं झालं ते माझ्यामुळे.

काल ताईंनी जूनची जागा मला दिली. ती तुझी आहे. तू येते म्हणालीस की मी ताईंना सगळं सांगते आणि बाजूला होते. कारखान्याच्या लोकांनाही सांगते. फक्त तू येते म्हण.

मावशींना काय सांगू, ते मला सुचत नाही.

विशाखा

---

शिरूर कासार,
२० मार्च १९८७

विशाखा,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्यांदा वाचून चुलीत घालणार होते. आई बाजूला बसली होती, तिनं विचारलं असतं, म्हणून घातलं नाही.

तू लिहिलंस, मी येते म्हटलं की ताईंना सांगशील. सांगायचं असतं तर आधी सांगून आली असतीस आणि मग मला लिहिलं असतंस. तुला अजून माझ्या तोंडून 'नको' ऐकायचंय. तुझ्यावर मी किती रागावलेय ते लिहायला हा कागद पुरणार नाही. सहा जानेवारीला आई उंबऱ्यात बसून कागद आला का विचारत होती, आणि तो निरोप तुझ्याजवळ पडून होता. हे मी विसरणार नाही. विसरले असं कधी कळवलं, तर ते खरं मानू नकोस.

पण तुला वाटतं तेवढी मी साळसूद नाही. बायका सगळ्यात जास्त कशाला हसल्या, ते तुला ऐकू आलं नाही म्हणतेस ना? छबुबाई म्हणाली होती, "आगं पन भरल्या हंड्यानं कुटं लंगडती ती!" त्याला हसल्या.

आई टाच उचलून चालते ती रिकामा हंडा घेऊन जाताना. येताना हंडा भरलेला असतो तेव्हा नाही. तेव्हा ती टाच टेकवते. बोटांवर चाललं की मान हलते, मान हलली की पाणी सांडतं. म्हणून टाच पुरी टेकवते, जखमेवर, आणि अशी सरळ येते की कुणाला वाटावं पायाला काही झालंच नाही. टँकरपासून घरापर्यंत ना लंगडणं, ना थांबणं. दारात येऊन हंडा उतरवला की मग भिंत धरते. हे इथल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. मलाही माहीत होतं. तुला जाण्याचं लिहिलं आणि येण्याचं मुद्दाम ठेवलं. तुझं सहज विचारणं मी ओळखलं होतं. म्हटलं, अर्धं घेऊन जाऊ दे हिला, उरलेलं मी ताईंसमोर करून दाखवीन. मायची भूमिका त्या येण्यातच होती, विशाखा. ती मी माझ्यासाठी दडवून ठेवली होती.

म्हणून तू भरला हंडा डोक्यावर घेऊन लंगडत आलीस. येण्याचंही तुला लिहिलं असतं, तर बायकांनी मालनला ओळखलं असतं, पण हसल्या नसत्या. तू निरोप दाबलास, मी चाल दाबली. मधल्यामधे भर मंडपात हसं झालं ते आईचं. त्यात अर्धा वाटा माझा आहे, आणि तो तुला देऊन मोकळं होता येत नाही.

ती ताईंना भेटायला आली होती. भेटलीच नाही. ट्रकमध्ये कोपऱ्यात बसून राहिली. घरी आल्यावर म्हणाली, "माजं लंगडनं लोकास्नी दावायचं, ह्येच शिकलासा का गं तुमी तिकडं? मला वाटलं व्हतं लई मोटं कायतरी आसंल." मी तिला समजवायला बसले, की आई, तसं नव्हे, नाच चुकला. तर म्हणाली, "ऱ्हाऊंदे. कोयत्याला निदान कोन हासत न्हाई." ती माझ्या बाजूनं होती तोवर मी आबांना घाबरत नव्हते. आता ती माझ्या बाजूनं नाही. पाडव्यानंतर लग्न आहे. सुग्रीव बरा आहे म्हणतात, पीत नाही. दसऱ्याला नवा कोयता फडावर जाईल.

तेव्हा येते म्हणणं माझ्या हातात राहिलं नाही. जागा सोडू नकोस. तू सोडलीस म्हणून ती मला मिळायची नाही, दोघींचीही जाईल, आणि मग आपण एवढं सगळं केलं ते कशासाठी? ताईंना मात्र खरं सांग. माझ्यासाठी नको, तुझ्या अप्पांसाठी सांग. त्यांना मी कधी पाहिलं नाही, पण तू त्यांचं एवढं बोलायचीस, की त्या माणसाला खाली मान घालायला लागू नये असं वाटतं.

माझे बूट एखाद्या नव्या पोरीला दे. पत्र आता पाठवू नकोस. इथं आई विचारते, आणि पुढं फडावर पोस्टमन येत नाही.

पावसाळ्यानंतर कारखाना 'तहान'चे प्रयोग पुन्हा गावोगाव करणार आहे असं ऐकते. आमच्या शिरूरलाही होईल. मी नसेन, पण आईला इथंच राहायचंय. तिला कुणीतरी ओढून नेईलच बघायला. म्हणून हे नीट वाच आणि पायात बसव. रिकामा हंडा असेल तेव्हा टाच उचल, थांब, पदर सारखा कर, हवं तेवढं लंगड. पण हंडा भरला की टाच टेकव. दुखलं तरी टेकव.

द्वारका